नमुना धुऊन पाहिला होता का?

कापडाच्या धंद्यात नमुन्यावाचून व्यवहार होत नाही. घाऊकवाला तुकडा दाखवतो, गिऱ्हाईक तो बोटांत चुरगळून पाहते आणि मग भाव ठरतो. आमचीही हयात या नमुन्यांवरच गेली. तरीही एका नमुन्याने आम्हाला चांगलाच धडा शिकवला.

काही वर्षांपूर्वी गोंदियात आम्हाला एका शाळेच्या गणवेशाची मोठी मागणी मिळाली. टेलर मास्टरांकडून एक शर्ट नमुना म्हणून शिवून घेतला. माप बरोबर, शिलाई पक्की, रंग पसंत. त्या भरवशावर सगळे तागे बेतायला दिले. पहिल्याच धुण्यात खळ निघून गेली, कापड आटले आणि पोरांच्या बाह्या मनगटाच्या वर चढल्या. माल परत आला, मजुरी अंगावर पडली आणि पुढच्या वर्षीची मागणीही गेली. मास्टर एवढेच म्हणाले, "शेठ, नमुना शिवला खरा, पण धुतला कुठे?" चूक आमचीच होती. नमुना खोटा नव्हता, पण त्याने पाणी पाहिलेच नव्हते.

हे घरचे उदाहरण सांगण्याचे कारण असे की आज विमाने, धरणे, मोठमोठी यंत्रे याच रीतीने पारखली जातात. या विद्येला मॉडेलिंग आणि सिम्युलेशन म्हणतात. मॉडेल म्हणजे खऱ्या वस्तूची प्रतिकृती. ती माती-सिमेंटची असेल किंवा नुसत्या आकड्यांची. सिम्युलेशन म्हणजे ती प्रतिकृती चालवून, खरी वस्तू कशी वागेल ते आधीच पाहणे. ही विद्या फार लांबची नाही. आपल्या गोंदियाच्या वेशीवर तिचा रोजचा वापर होतो.

गोंदियाजवळ बिरसीला इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेली धावपट्टी आहे. तिथे 2008 च्या सुमारास नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली. भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई कंपनी यांची ही भागीदारी. ही सीएई जगात सिम्युलेटर बनवणाऱ्या बड्या कंपन्यांपैकी एक आहे. वैमानिक होऊ पाहणारी मुले तिथे खऱ्या विमानांवर शिकतात, तशीच जमिनीवर ठेवलेल्या यंत्रातही शिकतात. यंत्रात बसल्यावर समोर तेच काटे, हातात तोच दांडा, पायाखाली तेच पावडे. आत संगणक हिशेब करत असतो. विमानाचे वजन किती, वेग किती, वारा कुठून, इंजिनाची ताकद किती हे सगळे आकडे घेऊन तो सेकंदाला अनेक वेळा गणित मांडतो आणि त्याप्रमाणे काटे हलवतो. इंजिन बंद पडले तर काय करायचे, हे तिथे शंभर वेळा गिरवता येते. शागीर्द चुकला तर उस्ताद यंत्र थांबवतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. खऱ्या आकाशात अशी दुसरी संधी मिळेलच असे नाही.

आपल्या कारागीर बंधूंना आवडेल अशी गोष्ट म्हणजे या यंत्राचा जन्म कुठल्या विद्यापीठात नव्हे, बाजा बनवणाऱ्या कारखान्यात झाला. अमेरिकेत एडविन लिंक नावाच्या तरुणाच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा धंदा होता. आपल्या हार्मोनियमला जसा भाता असतो, तसे हवेचे भाते तिथे रोज बनत. लिंकने तेच भाते एका लाकडी खोक्याखाली बसवले आणि 1929 साली विमानासारखे डुलणारे यंत्र तयार केले. सुरुवातीला लोकांनी ते जत्रेतले खेळणे समजले. मग 1934 साली अमेरिकेच्या लष्कराकडे विमानाने टपाल नेण्याचे काम आले आणि धुक्यात, बर्फात एकामागून एक वैमानिक दगावले. तेव्हा लष्कराने त्याची सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात ती हजारोंनी वापरली गेली. भात्याचे काम जाणणाऱ्या हाताने हे साधले.

प्रतिकृतीची दुसरी तऱ्हा आपल्याच महाराष्ट्रात पाहायला मिळते. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे. या संस्थेची सुरुवात 1916 सालची. तिथे नद्या, धरणे आणि बंदरे लहान आकारात बांधून त्यांतून पाणी सोडून पाहतात. सांडव्यावरून पडणारे पाणी पायथा उखडेल का, बंदरात गाळ कुठे साचेल, हे कोट्यवधींचा खर्च करण्याआधी कळते.

पण लहान करण्याचाही हिशेब असतो. सगळे सारख्याच पटीने लहान होत नाही. धरण शंभरपट लहान केले तर पाण्याचा वेग शंभरपट नव्हे, दहापटच कमी ठेवावा लागतो. पाणी मात्र एक लाखपट कमी सोडावे लागते. म्हणजे खऱ्या सांडव्यावरून सेकंदाला एक लाख लिटर पाणी जात असेल, तर प्रतिकृतीत एकच लिटर. आपल्याला हे नवे वाटू नये. जाड कापडाचा बाहुलीचा झगा शिवला तर तो ताठ उभा राहतो आणि त्याच कापडाचा मोठ्या माणसाचा झगा अंगावर नीट पडतो. आकार लहान झाला, पण कापडाची जाडी तीच राहिली. बाहुलीचा झगा पाहून कोणी कापड नाकारले तर तो हिशेब चुकला.

आता नमुना धुण्याची गोष्ट. 26 एप्रिल 2017 रोजी बिरसीहून उडालेले एक प्रशिक्षण विमान वैनगंगा नदीवर ताणलेल्या तारेला धडकून कोसळले. प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी, दोघेही मृत्युमुखी पडले. यात सिम्युलेटरचा दोष होता असे आम्ही म्हणत नाही. पण यंत्रातल्या आकाशात तेवढेच असते जेवढे कोणीतरी त्यात भरलेले असते. नदीवरची एकेक तार त्यात असेलच असे नाही. बोइंगच्या 737 मॅक्स विमानांचे 2018 आणि 2019 साली दोन अपघात झाले, त्यांत 346 माणसे गेली. त्यानंतर मे 2019 मध्ये कंपनीनेच मान्य केले की या विमानाच्या सिम्युलेटरच्या प्रणालीत उड्डाणातील काही परिस्थिती बरोबर उमटत नव्हती. एवढ्या मोठ्या कंपनीचाही नमुना न धुतलेला निघू शकतो. म्हणूनच चांगले सिम्युलेटर खऱ्या विमानाच्या उड्डाणातून घेतलेल्या आकड्यांशी ताडून पाहतात आणि ही तपासणी ठरावीक मुदतीने पुन्हा होते.

व्यापारी बंधूंनो, आपण विमान उडवत नाही, पण मॉडेल आपल्यापुढेही येते. कर्जासाठी केलेला प्रोजेक्ट रिपोर्ट हे आकड्यांचे मॉडेलच आहे. राइस मिल असो, पॉवरलूम असो की कशिद्याचे संगणकी यंत्र, कागदावर ते वर्षाचे तीनशे दिवस बिनतक्रार चालते. माल तयार होताच विकला जातो आणि पैसा वेळेवर येतो. तेव्हा सही करण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. यात कोणते आकडे भरले आणि ते कोणी दिले? असे यंत्र जिथे खरोखर चालू आहे, तिथल्या वहीशी ते ताडले का? आणि यात काय धरलेले नाही? वीज गेली, कारागीर सणाला गावी गेला, उधारी चार महिने अडकली, तर हप्ता कुठून भरणार? हे धरून हिशेब पुन्हा मांडावा. हप्ता कागदावरच थकला तर कागद फाडता येतो. खरोखर थकला तर दुकान जाते. ज्यांची मुले डिप्लोमा शिकत आहेत त्यांनी हा हिशेब मुलांकडून संगणकावर मांडून घ्यावा. मुलांचा हात बसेल आणि बापाचे भांडवल वाचेल.

आमच्या दुकानात त्या गणवेशानंतर एक रीत पडली आहे. मागणी कितीही घाईची असो, नमुना तीनदा धुतला जातो, उन्हात वाळतो, त्यावर इस्त्री फिरते आणि माप पुन्हा घेतले जाते. त्यात तीन दिवस जातात आणि गिऱ्हाईक कुरकुरते. ते आम्ही ऐकून घेतो, पण तोवर ताग्याला कात्री लावू देत नाही.