विश्लेषण : ‘सक्तीची गर्भधारणा’ हा वेगळा गुन्हा कशासाठी?

युगांडातील ‘लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी’चा कमांडर डॉमिनिक ओंगवेन याला हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने ४ फेब्रुवारी २०२१ रोजी ६१ आरोपांत दोषी ठरवले. त्यात दोन महिलांवर लादलेल्या गर्भधारणेचा गुन्हाही होता. या न्यायालयात तो प्रथमच सिद्ध झाला.

बलात्काराचे कलम असताना हे आणखी कशाला? कारण मूल हवे की नको, हा निर्णयच त्या महिलेकडून हिरावला जातो. ती हानी बलात्काराच्या कलमात मोजली जात नाही.

व्याख्या मात्र अरुंद आहे. १९९८च्या रोम परिषदेत व्हॅटिकन आणि काही अरब देशांना गर्भपाताला मागच्या दाराने मान्यता मिळण्याची धास्ती होती. त्यामुळे जबरदस्तीने गर्भवती केलेल्या महिलेला बेकायदा डांबणे आणि त्यामागे वांशिक रचना बदलण्याचा किंवा आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अन्य गंभीर उल्लंघनाचा हेतू असणे, अशा अटी आल्या. ओंगवेनबाबत दुसरा हेतू ग्राह्य धरला गेला : लैंगिक गुलामगिरी सुरू ठेवणे. ‘गर्भ राहावा म्हणूनच डांबले’ हे सिद्ध करण्याची गरज नाही, हा निकालातील कळीचा मुद्दा.

लहानपणी स्वतःच पळवून नेलेल्या ओंगवेनला २५ वर्षांची शिक्षा झाली. डिसेंबर २०२२मध्ये ती अपिलातही टिकली. २०२४मध्ये पीडितांसाठी सुमारे ५.२ कोटी युरोंची भरपाई ठरली. ओंगवेनकडे पैसा नाही. तो आता देणग्यांतून उभा करायचा आहे.