हादऱ्याचं गणित

जुनी फोर-बाय-फोर बघायला गेलेला माणूस आधी रंग बघतो, मग पत्र्याचा गंज, मग मीटरवरचे किलोमीटर. रंग नवा मारता येतो, गंज पुट्टीखाली झाकता येतो, मीटरही मागे नेता येतं. पण गाडीच्या पोटाखाली गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शिअल आणि अ‍ॅक्सल असा जो ताफा असतो, त्याचं दुखणं दडवणं फार अवघड. कारण तिथला प्रत्येक भाग चाकाशी ठरलेल्या प्रमाणात फिरतो, आणि म्हणून प्रत्येकाची कुरकुर स्वतःच्या लयीत येते.

आकडेच मांडून बघू. ७० सेंटीमीटर व्यासाचं चाक एका फेरीत साधारण २.२ मीटर जातं. ताशी ६० किलोमीटरला ते सेकंदाला सुमारे साडेसात फेऱ्या मारतं. डिफरन्शिअलमधल्या दातेरी चाकांच्या जोडीत क्राउनला ४१ आणि पिनियनला १० दात असतील, तर प्रोपेलर शाफ्ट चाकाच्या ४.१ पट, म्हणजे सेकंदाला ३१ फेऱ्या फिरतो. आणि दातावर दात पडतो सेकंदाला ३१० वेळा. आता गाडीत शांत बसा. सीट सावकाश थरथरतेय, धक्के जवळजवळ मोजता येतात? चाक, टायर किंवा रिमकडे बघा. पायाखालची फरशी झणझणतेय? शाफ्टकडे बघा. आणि पेटीवरच्या काळी दोनच्या आसपासचा एक सलग सूर मागून येत असेल, तर क्राउन-पिनियनचे दात गात आहेत. केवळ ऐकून, एकही नट न खोलता, बिघाडाचा पत्ता सापडतो. मला यात दरवेळी नवल वाटतं.

तो सूर अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर येतो की सोडल्यावर, हेही ऐकावं. ओढताना दातांची एक बाजू भार घेते, सोडल्यावर दुसरी. घरघर वळणावर वाढत असेल तर चाकाचं बेअरिंग तपासावं: डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर जातो, म्हणून तेव्हा वाढणारा आवाज बहुधा उजवीकडचा.

शाफ्टच्या टोकाला असतो क्रॉस. अधिक चिन्हाच्या आकाराचा हा छोटा लोखंडी तुकडा वाकड्या रेषेतूनही फिरणं पुढे नेतो. पण त्याची एक खोड आहे. एका बाजूने एकसारखी गती दिली तरी दुसऱ्या बाजूला ती प्रत्येक फेरीत दोनदा वाढते आणि दोनदा कमी होते. कोन जितका मोठा तितका हा चढउतार जास्त. म्हणून शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला दुसरा क्रॉस बसवतात. दोन्हीकडचे कोन सारखे आणि क्रॉस धरणारे शाफ्टवरचे दोन्ही फोर्क एका रेषेत असले, की पहिल्याची चूक दुसरा अचूक पुसतो. कुणी शाफ्ट खोलून आतल्या खाचांमध्ये चुकीच्या जागी बसवला, तर सगळे सुटे भाग नवेकोरे असूनही गाडी थरथरते. सस्पेन्शन उंच केलेल्या जीपमध्येही कोन बदलतात आणि हाच त्रास सुरू होतो.

क्रॉस जवळून बघण्यासारखा असतो. गाडी सपाट जागी, इंजिन बंद, चाकांना दगड लावलेले. शाफ्ट दोन्ही हातांनी धरून उलटसुलट पिळा. क्रॉसमध्येच ‘कट्’ असं लागलं तर तिथे प्ले, म्हणजे ढिलेपणा आहे. टोपणाच्या कडेला तांबूस भुकटी दिसली, तर ग्रीस कधीच संपलंय. आतल्या सुईसारख्या बारीक रोलरना पूर्ण फेरी मारायची संधी नसते. ते थोडंसंच मागेपुढे होतात आणि त्याच त्या जागी ठोकत राहतात. काढलेला क्रॉस नखाने चाचपला की त्यांनी पाडलेले बारीक चर लागतात.

आता फोर-व्हीलचं खरं कोडं. डाव्या-उजव्या चाकांत १.४ मीटर अंतर असेल, तर पूर्ण गोल फिरताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा ८.८ मीटर जास्त चालतं. गोल अंगणाएवढा असो की गावाएवढा, फरक तेवढाच! डिफरन्शिअल हा फरक पोटात घालतो. पण जिप्सी किंवा थारसारख्या गाडीत फोर-व्हील टाकलं, की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. त्यांच्यामध्ये डिफरन्शिअल नसतो. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात. चिखलात चाक जरा घसरून हिशेब मिटवतं. कोरड्या डांबरावर घसरायला वाव नाही, म्हणून सगळा पीळ शाफ्टमध्ये साठतो आणि फोर-व्हीलचा लिव्हर अडकून बसतो. थोडं सरळ रिव्हर्स घेतलं की बहुधा सुटतो. पुढच्या-मागच्या टायरच्या परिघात एक टक्का फरक असेल, तर सरळ रस्त्यावरही किलोमीटरमागे दहा मीटरचा पीळ चढतो. म्हणून ट्रान्सफर केसला दोष देण्याआधी चारही टायर मोजावेत.

उलट, डांबरी रस्त्यावर टू-व्हीलमध्ये मारलेली चक्कर पुढच्या अर्ध्या भागाची परीक्षा घेतच नाही. पुढच्या चाकांचे हब मोकळे असतील तर पुढचा शाफ्ट स्वस्थ पडून असतो. त्यामुळे ओल्या मातीवर किंवा खडीवर फोर-व्हील टाकूनच बघावं: हाय, लो, आणि परत टू-व्हील.

शेवटी तेल. डिफरन्शिअलच्या चुंबकी ड्रेन प्लगवर करडी, मऊ चिकटण दिसणं स्वाभाविक आहे. बोटाला टोचणारे कण नव्हेत. तेल दुधाळ असेल तर आत पाणी आहे, आणि ते बहुधा नदी-ओढ्यातून शिरलेलं असतं. तापलेलं हाउसिंग थंड पाण्यात उतरलं की आतली हवा आकसते आणि बाहेरून हवा ओढते. ती यावी म्हणून असलेली ब्रीदरची नळी मातीने बुजली असेल, तर ऑइल सीलच्या कडेने पाणीच आत ओढलं जातं.

हे सगळं तपासायला लागतात कान, हात, मोजपट्टी आणि थोडी भागाकार-गुणाकाराची तयारी. दुखणं क्रॉसचं असेल तर क्रॉसच बदलायचा. त्यासाठी अख्खा अ‍ॅक्सल उतरवायचं कारण नाही. आणि दात खरंच गेले असतील, तर ते व्यवहार ठरण्याआधी कळतं. जुनी गाडी न घाबरता विकत घ्यायचा याहून चांगला मार्ग मला ठाऊक नाही.