जर्मनीतील ब्रुअऱ्यांची सहकुटुंब सहल: चेन्नईहून निघण्यापूर्वी

चेन्नईतील एखाद्या मराठी कुटुंबात जर्मनीच्या सहलीचा विषय निघाला, की घरातील कोणीतरी तेथील ब्रुअऱ्या, म्हणजेच बिअर तयार करणारे कारखाने, पाहण्याची इच्छा बोलून दाखवते. त्याबरोबरच दुसरा प्रश्न उपस्थित होतो: सोबत मुले आहेत, आजी-आजोबा आहेत; त्यांनी तेथे काय करावे? तमिळनाडूत हा प्रश्न अधिकच स्वाभाविक आहे. या राज्यात दुकानांतून होणारी मद्यविक्री २००३ पासून ‘तास्मॅक’ या सरकारी महामंडळाच्या हाती असून, अशा दुकानाकडे सहकुटुंब जाण्याची कल्पनाही कोणी करीत नाही.

जर्मनीतील परिस्थिती निराळी आहे. त्या देशात सुमारे दीड हजार ब्रुअऱ्या असून, त्यांपैकी सहाशेच्या आसपास एकट्या बव्हेरिया राज्यात आहेत. त्यांतील कित्येक ब्रुअऱ्या जुन्या मठांत, टेकड्यांवर किंवा शहराच्या मध्यभागी आहेत. त्यांना लागूनच भोजनगृह असते आणि सुटीच्या दिवशी तेथे तीन पिढ्या एका मेजावर जेवताना दिसतात. त्यामुळे अशी सहल सहकुटुंब करता येते. मात्र दिवसाचा कार्यक्रम बिअर न पिणाऱ्यांच्या सोयीने आखला, तरच ती सर्वांना सुखाची होते.

वयाचा कायदा: घरातच आधी ठरवावे

जर्मनीच्या युवक संरक्षण कायद्यानुसार बिअर आणि वाइन वयाच्या सोळाव्या वर्षापासून विकत घेता येते. आई-वडील सोबत असतील, तर चौदा वर्षांच्या मुलालाही सार्वजनिक ठिकाणी बिअर पिण्याची मुभा हा कायदा देतो. ही तरतूद रद्द करावी, अशी मागणी त्या देशात होत आली आहे. याउलट तमिळनाडूत मद्यासाठी किमान वय २१ वर्षे आहे. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि इतर मद्यासाठी २५, तर गोव्यात १८ वर्षांची अट आहे.

याचा अर्थ असा, की दहावीतील मुलासमोर परिचारक निःसंकोचपणे पेला ठेवू शकतो आणि नकार देण्याची जबाबदारी पालकांवर येते. हा निर्णय परक्या मेजावर, सर्वांसमोर घेण्याऐवजी निघण्यापूर्वी घरातच झालेला बरा. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

न पिणाऱ्यांसाठी सफरचंदाचा रस आणि सोडा यांचे मिश्रण किंवा कोला व संत्र्याचे ‘श्पेट्सी’ हे पेय बहुतेक ठिकाणी मिळते. उपाहारगृहात किमान एक मद्यविरहित पेय सर्वांत स्वस्त मद्यापेक्षा महाग असू नये, असा जर्मन कायद्याचा दंडक आहे. मात्र ‘मद्यरहित’ असे लिहिलेल्या बिअरमध्येही अर्ध्या टक्क्यापर्यंत मद्यार्क असू शकतो. व्रतस्थ ज्येष्ठांसाठी ही माहिती महत्त्वाची ठरते.

मुक्काम म्युनिकला

मोटार भाड्याने घेऊन गावोगावी फिरण्याची कल्पना आकर्षक असली, तरी या सहलीला ती योग्य नव्हे. जर्मनीत चालकाच्या रक्तात मद्याचे प्रमाण दर हजारी ०.५ असले, की कारवाई होते. अपघात झाल्यास ०.३ इतके प्रमाणही गुन्ह्यास पुरेसे ठरते. २१ वर्षांखालील चालकांना मद्य पूर्णतः वर्ज्य आहे. रेल्वेने हा प्रश्न सुटतो. ‘बायर्न तिकीट’ काढल्यास पाच जणांपर्यंतचा गट बव्हेरियातील प्रादेशिक गाड्यांतून दिवसभर फिरू शकतो. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊपासून लागू होते. द्रुतगती आयसीई गाड्यांत ते चालत नाही.

म्युनिकच्या उत्तरेस फ्रायझिंग हे गाव लोकल गाडीने पाऊण तासाच्या अंतरावर आहे. तेथील टेकडीवरील वाइहेनश्टेफान ही ब्रुअरी आपला प्रारंभ १०४० सालापासून सांगते आणि जगातील सर्वांत जुनी चालू ब्रुअरी असल्याचा दावा करते. त्या सालच्या सनदेच्या अस्सलपणाविषयी इतिहासकारांना शंका आहे. तथापि, येथे बेनेडिक्टाइन पंथाचा मठ होता, १८०३ मध्ये तो विसर्जित होऊन मालमत्ता राज्याकडे गेली आणि आजही ही ब्रुअरी बव्हेरिया राज्याच्या मालकीची आहे. शेजारीच तंत्रविद्यापीठाचा परिसर असून, तेथे बिअरनिर्मितीचे उच्च शिक्षण दिले जाते.

नैर्ऋत्येस अँडेक्स हा मठ आहे. लोकलने हेरशिंग या सरोवराकाठच्या गावी उतरून तेथून बसने किंवा रानातील पायवाटेने टेकडी चढता येते. आजी-आजोबांना बस सोयीची. येथील भिक्षू आजही ब्रुअरी चालवतात. मठांनी बिअर का केली, असा प्रश्न मुले हमखास विचारतात. त्याचे उत्तर उपवासात सापडते. ईस्टरपूर्वीच्या दीर्घ व्रतकाळात अन्नावर बंधन असे. द्रवपदार्थाने मात्र उपवास मोडत नाही, असे मानले जाई. त्यामुळे त्या काळासाठी दाट, पोषक बिअर तयार होऊ लागली. एकादशीला काय चालते आणि काय चालत नाही, याची चर्चा ज्या घरांत होते, त्यांना हे सहज उमजेल.

तिसरे स्थळ डॅन्यूब नदीकाठचे वेल्टनबुर्ग. केलहाइम गावातून बोटीने, दोन्ही बाजूंच्या उंच चुनखडी कड्यांमधून मठापर्यंत जाता येते. हिवाळ्यात बोटी बंद असतात. येथील ब्रुअरी आपले साल १०५० सांगते. बरोक शैलीतील चर्च, नदी आणि बोट यांमुळे बिअरशी काडीचाही संबंध नसलेल्या प्रवाशाचा दिवसही सार्थकी लागतो.

आत नेमके काय पाहावे?

सातूला मोड आणून ते भट्टीत वाळवतात. यालाच माल्ट म्हणतात. माल्ट भरडून गरम पाण्यात मुरवला, की त्यातील पिष्टाची साखर होते. हा गोड काढा गाळून हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांसह उकळतात. त्याने कडवटपणा येतो आणि पेय टिकते. थंड झाल्यावर त्यात यीस्ट घालून आंबवतात. आंबोळीचे किंवा इडलीचे पीठ आंबताना पाहिलेल्या मुलांना यातील तत्त्व समजावून सांगणे अवघड नाही.

बव्हेरियाच्या ड्यूकनी २३ एप्रिल १५१६ रोजी इंगोलश्टाट येथे काढलेल्या आज्ञेत बिअरसाठी केवळ सातू, हॉप्स आणि पाणी यांनाच परवानगी दिली होती. यीस्टचा त्यात उल्लेख नाही. बिअरची किंमतही त्याच आज्ञेने बांधून दिली होती.

म्युनिकच्या उत्तरेकडील हालरटाउ हा जगातील हॉप्सच्या लागवडीचा सर्वांत मोठा सलग प्रदेश आहे. ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत तेथे उंच तारांवर चढलेल्या वेलींची तोडणी चालते. वोल्नत्साख येथे हॉप्सचे संग्रहालय आहे.

बर्फ, चेस्टनट आणि शीतयंत्र

चेन्नईकरांना सर्वांत जवळचा वाटावा असा धागा बर्फाचा आहे. मरीना किनाऱ्यासमोरील ‘आइस हाउस’, म्हणजे आजचे विवेकानंदर इल्लम, १८४२ मध्ये अमेरिकेहून जहाजाने येणारा बर्फ साठवण्यासाठी बांधले गेले. बव्हेरियातही तीच अडचण वेगळ्या रूपात होती. उन्हाळ्यात बिअर नासत असे. म्हणून १५५३ मध्ये २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात ती तयार करण्यास बंदी घालण्यात आली. हिवाळ्यातील साठा तळघरात बर्फाने थंड ठेवत आणि त्यावर सावली राहावी म्हणून चेस्टनटची झाडे लावत. त्या सावलीत मेजे मांडली गेली आणि ‘बिअर गार्डन’ जन्माला आले.

कार्ल फॉन लिंडे यांनी १८७० च्या दशकात शीतयंत्र विकसित केले, ते म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीच्या साहाय्याने. त्यानंतर अमेरिकेच्या बर्फाची गरज मद्रासला उरली नाही आणि तळघराची बव्हेरियाला. घरातील फ्रिजचा पूर्वज बिअरच्या कारखान्यात घडला, ही गोष्ट शाळकरी मुलांच्या लक्षात राहते.

शिदोरी चालते, तूप चालत नाही

बव्हेरियातील पारंपरिक बिअर गार्डनमध्ये घरचे जेवण नेण्याची प्रथा आहे. पेय तेवढे तेथून घ्यावे लागते. १८१२ च्या एका राजाज्ञेपासून ही प्रथा चालत आली आहे. टेबलक्लॉथ नसलेल्या मेजांवर शिदोरी उघडता येते. टेबलक्लॉथ घातलेली मेजे परिचारकांच्या सेवेची असतात. शाकाहारी कुटुंबाला यासारखी सोय नाही. म्युनिकच्या इंग्लिश गार्डनमधील चिनी मनोऱ्याखाली दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खायला कोणाची हरकत नसते.

परंतु युरोपीय संघाबाहेरून दूध आणि मांस यांचे पदार्थ प्रवासी सामानातून नेण्यास बंदी आहे. साजूक तूप, पेढे, खव्याच्या पोळ्या घरीच ठेवाव्यात. दशम्याही दुधाऐवजी पाण्यात भिजवून तेलावर भाजाव्यात. तेथील भोजनगृहांत ‘ओबाट्स्डा’ या चीजच्या पदार्थात अनेकदा बिअर असते, बटाट्याच्या गोळ्यांवरील रस्सा बहुधा मांसाचा असतो आणि ब्रेझेलच्या कणकेत काही बेकऱ्या डुकराची चरबी वापरतात. मागवण्यापूर्वी विचारून घ्यावे.

ऑक्टोबरफेस्ट: जावे की टाळावे?

युवराज लुडविग आणि थेरेसे यांच्या १८१० मधील विवाहसोहळ्यातून सुरू झालेला हा उत्सव नावाप्रमाणे ऑक्टोबरात नव्हे, तर सप्टेंबरच्या मध्यास सुरू होतो. प्रवेश विनामूल्य असतो. येथे बिअरचा पेला एक लिटरचा असतो, हे नवख्यांनी ध्यानात ठेवावे. सहा वर्षांखालील मुलांना रात्री आठनंतर, आई-वडील सोबत असले तरी, तंबूत थांबता येत नाही. मंगळवार हा कुटुंबांसाठी सवलतीचा दिवस असतो. लहान मुले असतील, तर मंगळवारी दुपारी जाऊन पाळणे पाहून संध्याकाळपूर्वी परतावे. या काळात म्युनिकमधील निवास अतिशय महागतो. शांतपणे ब्रुअऱ्या पाहायच्या असतील, तर मे आणि जून हे महिने अधिक अनुकूल आहेत.

उत्तरेकडे: बाम्बेर्ग आणि हाले

म्युनिकहून रेल्वेने सुमारे दोन तासांवर असलेले बाम्बेर्ग १९९३ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. येथील धुरकट चवीची बिअर प्रसिद्ध आहे, कारण माल्ट बीच लाकडाच्या धुरावर वाळवतात. जवळच्या कुल्मबाख येथे ब्रुअरी संग्रहालय आणि त्याला जोडून बेकरी संग्रहालय आहे. मुलांसाठी दुसरे अधिक रंजक.

तंजावरशी नाते सांगणाऱ्या मराठी कुटुंबांनी बाम्बेर्गहून आणखी उत्तरेस, हाले शहरापर्यंत जावे. सरफोजी राजे (दुसरे) यांचे गुरू ख्रिस्तियान फ्रीडरिख श्वार्ट्झ हे हाले येथे शिकून १७५० मध्ये भारतात आले आणि १७९८ मध्ये तंजावर येथे निवर्तले. तेथील फ्रांके संस्थेच्या संग्रहात तमिळ ताडपत्रे जतन केलेली आहेत. ब्रुअऱ्यांच्या सहलीतील हा एक दिवस आजोबांच्या वाट्याचा ठेवता येईल.

व्हिसा आणि आरक्षण

शेंगेन व्हिसाचा अर्ज चेन्नईतील व्हीएफएस केंद्रात करता येतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज स्वीकारला जातो आणि किमान पंधरा दिवस आधी तो दाखल व्हावा लागतो. उन्हाळी सुटीत अर्जांची गर्दी असते, त्यामुळे शेवटच्या महिन्यापर्यंत थांबू नये. जून २०२४ पासून प्रौढांसाठी ९० युरो आणि सहा ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो शुल्क आहे. सहा वर्षांखालील मुलांना ते माफ आहे. मुलांचा अर्ज स्वतंत्र असतो. प्रत्येकाच्या नावे किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे.

ब्रुअरी आतून दाखवण्याच्या फेऱ्या ठरावीक दिवशी, मर्यादित संख्येने आणि बहुधा जर्मन भाषेत होतात. इंग्रजी फेरी कधी आहे, मुलांना वयाची अट काय आणि जिने किती चढावे लागतात, या तीन गोष्टी आरक्षण करतानाच विचाराव्यात. एका दिवसात एकच ब्रुअरी ठेवावी आणि तीही सकाळी. दुपार नदी, सरोवर किंवा संग्रहालयासाठी मोकळी राहू द्यावी.