सूर्याची वेळ

मुदतीपूर्वी निवृत्ती घेतली की पहिली अडचण होते ती सकाळच्या अकराची. कचेरी नाही आणि जेवणास अवकाश! उज्जैनला मी त्या सुमारास वेधशाळेत जातो. सवाई जयसिंगांनी 18व्या शतकात उभारलेल्या व माधवराव शिंद्यांनी 1923 साली दुरुस्त करविलेल्या या वास्तूतील सम्राट यंत्राची सावली स्थानिक सूर्यवेळ दाखविते. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्ताची. उज्जैन त्याच्या पश्चिमेस. म्हणून ही वेळ घड्याळाच्या सरासरी 27 मिनिटे मागे असते. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेला, त्यामुळे हे अंतर फेब्रुवारीत 41 मिनिटांपर्यंत वाढते, नोव्हेंबरात 11वर येते. म्हणजे हजेरीपटासाठी जन्मभर धावलो ते मिर्झापूरच्या मिनिटांमागे! मनगटी घड्याळ अजून बांधतो, पण आगगाडीपुरते. सौभाग्यवतींच्या मते औषधापुरतेही.