तळावरचा दोर: वेढा, झोळ आणि सुरगाठ

शेतात, रानात किंवा माळावर रात्र काढायची असेल तर सामान जमिनीवर ठेवून भागत नाही. मुंग्या, उंदीर, विंचू, दव आणि अवकाळी पाऊस या सगळ्यांपासून ते वर उचलून धरणारी सर्वांत हलकी वस्तू म्हणजे दोर. वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातल्या धनजसारख्या गावांच्या शिवारात असा तळ म्हणजे जागलीचा माळा. तूर, हरभरा उभा असताना रोही, रानडुकरे आणि हरणे पिकात शिरतात. त्यांना हाकलण्यासाठी माणसे रात्रभर शेतात राहतात. चार लाकडे रोवून बांधलेला माळा, वर ताडपत्री, आडव्या लाकडाला टांगलेली भाकरीची पिशवी, पाण्याची कॅन, हाताशी लोंबणारी बॅटरी. यात खिळा क्वचितच असतो. सगळे दोरावर उभे असते. स्काऊटच्या शिबिरात किंवा गिर्यारोहकांच्या तळावर सामान बदलते, दोराचे काम तेच राहते.

दोराची ताकद पिळात असते. अंबाडीचा किंवा तागाचा एकटा तंतू हाताने तुटतो आणि त्याची लांबीही मर्यादित असते. दहा-बारा हात लांब दोर मात्र अशाच आखूड तंतूंचा बनतो. तंतूंना एका दिशेने पीळ देऊन पेड तयार करतात आणि असे तीन पेड उलट दिशेने एकमेकांवर वळतात. पेड उलगडू पाहतो तेव्हा दोराचा पीळ घट्ट होतो. दोर उलगडू पाहतो तेव्हा पेड घट्ट होतात. दोन्ही पीळ एकमेकांना अडवून धरतात. ताण जितका वाढेल तितके तंतू एकमेकांवर दाबले जातात आणि त्यांच्यातले घर्षण वाढते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही ही म्हण माणसाच्या स्वभावाबद्दल असली, तरी पिळाचे तिने केलेले निरीक्षण अचूक आहे. फ्रान्समधल्या आब्री द्यु मारास या ठिकाणी निअँडरथल मानवाने वळलेल्या दोरीचा जेमतेम 6 मिलिमीटरचा तुकडा सापडला. 40 हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या तुकड्याचे वर्णन 2020 साली प्रसिद्ध झाले. त्यातही तीन पेड आहेत आणि त्यांचा एकत्र पीळ पेडांच्या पिळाच्या उलट आहे.

विदर्भात दोरासाठी अंबाडी आणि ताग पेरण्याची जुनी रीत होती. कापलेल्या काड्या पाण्यात बुडवून कुजवायच्या, म्हणजे सालीतले तंतू चिकटवून ठेवणारे पेक्टिन जिवाणू खाऊन टाकतात आणि तंतू सुटा होतो. घायपाताच्या पानांचा वाखही दोरासाठी वापरला जाई. दोर वळण्याचे हे कौशल्य पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः मातंग समाजाने जपले. पोळ्याला बैलांच्या अंगावर दिसणारी नवी दावी, कासरे, वेसणी त्यांच्याच हातची असत.

आता बाजारात मिळणाऱ्या रंगीत दोरीला सगळे सरसकट नायलॉन म्हणतात, पण त्यातली बरीचशी दोरी पॉलिप्रोपिलीनची असते. ओळख सोपी आहे: तुकडा पाण्यात टाकावा. पॉलिप्रोपिलीन तरंगते, नायलॉन बुडते. हा फरक तळावर महत्त्वाचा ठरतो. पॉलिप्रोपिलीन पाणी पीत नाही, पण ते गुळगुळीत असल्याने गाठ सरकते आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी दोरी ठिसूळ होऊन तिची कुसे निघू लागतात. नायलॉन ताणले की लांबते, म्हणून रात्री घट्ट ओढलेली ताडपत्री सकाळी लोंबते. अंबाडीचा, तागाचा दोर याच्या उलट वागतो. ओला झाला की तंतू आडवे फुगतात. जाड झालेल्या दोराभोवती फिरायला पिळाच्या वाटेला जास्त लांबी लागते आणि दोर आखडतो. पावसाच्या आधी असे ताण थोडे ढिले केले नाहीत, तर खुंटी उपटते किंवा ताडपत्रीचा काठ फाटतो.

सामान धरून ठेवण्याचे खरे काम गाठ करत नाही, वेढा करतो. बैलाचे दावे खुंट्याला बांधताना आधी वेढे देतात, गाठ शेवटी मारतात. या सवयीमागचे गणित अठराव्या शतकात गणितज्ञ लेओनार्ड ऑयलर यांनी मांडले. दोर लाकडाभोवती फिरतो तशी दर वेढ्याला त्याची पकड काही पटींनी वाढते, आणि ही वाढ बेरजेची नसून गुणाकाराची आहे. घर्षणाचा गुणांक 0.3 धरला, तर एका पूर्ण वेढ्यानंतर दुसऱ्या टोकाला ओढीचा साधारण साडेसहावा भाग उरतो, दोन वेढ्यांनंतर त्रेचाळिसावा आणि तीन वेढ्यांनंतर 280 व्या भागापेक्षाही कमी. म्हणजे 40 किलोचा ताण असलेला दोर बाभळीच्या फांदीला दोनदा गुंडाळला की त्याचे टोक एका बोटाने धरून ठेवता येते. विशेष म्हणजे या गणितात फांदीच्या जाडीला स्थान नाही, वेढ्यांच्या संख्येला आहे. पुढे मारायच्या एक-दोन अर्ध्या गाठी फक्त तो शेवटचा हलका ताण सांभाळतात. दोन वेढे आणि दोन अर्ध्या गाठी एवढे आले, तरी तळावरचे निम्मे काम होते.

दुसरी गोष्ट झोळाची. दोन झाडांमध्ये सामान टांगण्यासाठी दोर बांधताना तो अगदी सरळ, तारेसारखा ताणण्याचा मोह सगळ्यांना होतो. तो टाळलाच पाहिजे. चार मीटर अंतरावरच्या दोन झाडांमध्ये दोर बांधला आणि बरोबर मध्ये 10 किलोची पिशवी अडकवली, असे समजू. पिशवीमुळे दोर मध्ये 115 सेंटीमीटरच्या आसपास खाली आला, तर त्याचा आडव्या रेषेशी कोन साधारण 30 अंश होतो आणि दोराच्या प्रत्येक बाजूवर 10 किलोइतकाच ताण पडतो. झोळ 35 सेंटीमीटर ठेवला तर ताण 29 किलोपर्यंत जातो. झोळ 17 सेंटीमीटर, म्हणजे वीतभरही नसेल, तर तो 59 किलोच्या घरात पोहोचतो. पिशवी तीच, दोर तोच. पण दोर जितका सपाट, तितका ताण भरमसाट. दोराचा वरच्या दिशेचा भाग पिशवीला तोलतो आणि सपाट दोरात तो भाग फारच थोडा असतो, म्हणून एकूण ताण वाढवूनच तोल साधावा लागतो. जड सामान दोराच्या मधोमध न अडकवता झाडांजवळ टांगावे. मध्ये कपडे, टॉवेल, टोप्या अशा हलक्या वस्तू ठेवाव्यात.

अशा दोरावर सामान एका जागी राहावे, घसरून मध्ये गोळा होऊ नये, यासाठी एक सुंदर युक्ती आहे. बारीक दोरीचे कडे करून ते जाड दोराभोवती स्वतःतूनच तीनदा गुंडाळून काढतात. भार नसताना हे कडे बोटाने हवे तिकडे सरकते. भार पडला की वेढे आवळून जागच्या जागी बसतात. ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी 1931 मध्ये ही गाठ प्रसिद्ध केली आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. प्रत्येक पिशवीला असे एक कडे दिले की पाणी, जेवण आणि अंथरूण यांच्या जागा ठरून जातात, आणि अंधारात हात बरोबर तिथेच जातो. भांड्यासाठी मात्र जुन्या शिंक्याला तोड नाही. शिंक्यात भांड्याचा गुरुत्वमध्य टांगलेल्या बिंदूच्या सरळ खाली येतो, म्हणून धक्का लागला तरी भांडे हलते आणि पुन्हा स्थिरावते.

गाठींच्या बाबतीत मराठीने एका जोडीतच सगळे शास्त्र सांगितले आहे: सुरगाठ आणि निरगाठ. एक टोक ओढताच सुटते ती सुरगाठ. दातांनी किंवा सुरीनेच सुटते ती निरगाठ. तळावर निरगाठीला जागा नाही. रात्री वारा सुटला आणि ताडपत्री पाडायची वेळ आली तर एका ओढीत सुटणारी गाठच कामाची. त्यासाठी शेवटची अर्धी गाठ मारताना टोक पूर्ण ओढून न घेता त्याची दुमड करून आत सारतात. याचा अर्थ ढिलेपणा असा नाही. गुरांच्या गळ्यातले दावे आवळत जाणाऱ्या फासाचे कधीच नसते; ते ठरलेल्या मापाचे, न सरकणारे कडे असते, कारण सरकत्या फासाने जनावर गुदमरते. झाडाला किंवा माणसाला दोर बांधतानाही हाच नियम पाळतात.

भारत स्काऊट्स आणि गाईड्सच्या शिबिरांत दोन टोके जोडायला रीफ नॉट शिकवतात: उजवे टोक डाव्यावर, मग डावे उजव्यावर. दोन्ही वेळा उजवेच डाव्यावर घातले तर दिसायला जवळपास तशीच, पण घसरणारी गाठ तयार होते. असे का होते, याचा उलगडा 2020 साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या संशोधकांनी ताण पडताच रंग बदलणाऱ्या धाग्यांच्या साह्याने केला. चांगल्या गाठीत शेजारशेजारचे वेढे उलटसुलट दिशांना पिळले जातात आणि एकमेकांना अडवतात. वाईट गाठीत ते एकाच दिशेने पिळले जाऊन गडगडत सुटतात. दोराच्या पेडांत चालणारी ओढाताणच इथे गाठीत चालते. एक गोष्ट मात्र विसरू नये: कोणत्याही गाठीत दोर वाकतो, आणि त्या वळणावर त्याची ताकद निम्म्यापर्यंत उतरू शकते. म्हणून जुनाट दोर बहुधा गाठीपाशीच तुटतो.

वऱ्हाडाच्या काळ्या मातीत खुंटीचाही विचार करावा लागतो. ही माती पाण्याने फुगते आणि मऊ होते, उन्हाने आकसून भेगाळते. दोन्ही वेळा खुंटी सैल पडते. ती ताणाच्या उलट दिशेला झुकवून ठोकावी आणि शक्य असेल तिथे झाडाचा आधार घ्यावा.

झाडाला दोर बांधताना खाली गोणपाटाची जाड पट्टी घालावी आणि तळ उठवताना शेवटची दोरीही सोडून घ्यावी. खोडावर राहिलेली प्लास्टिकची दोरी कुजत नाही. खोड जाड होत जाते तशी ती सालीत रुतते, पानांनी तयार केलेले अन्न मुळांकडे नेणारा थर कापते आणि झाड वरून हिरवे दिसत असतानाच मुळांची उपासमार सुरू होते. कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य कारंजा तालुक्यातच आहे. तिथे किंवा कुठल्याही शिवारात दोरीचे तुटके तुकडे टाकून येऊ नयेत. गाठ सोडावी, दोर गुंडाळावा आणि घरी न्यावा.