खटल्यांचं पान

सॅक्रामेंटो, कॅलिफोर्निया

चाकणच्या एमआयडीसीत जमीन गेली, मोबदला बँकेत आला आणि घरातल्या तरुणाला नोकरीपेक्षा स्वतःचा गाळा बरा वाटू लागला, ही खेड तालुक्यातल्या कितीतरी घरांची गोष्ट आहे. पुणे-नाशिक महामार्गावर राजगुरुनगरपर्यंत चहा, पिझ्झा, बर्गर यांच्या साखळ्यांचे फलक दिसतात, ते त्यामुळेच. फ्रँचायझी देणारी कंपनी फायद्याचा तक्ता दाखवते, फर्निचरचा खर्च सांगते, रॉयल्टीचा टक्का सांगते. त्या कंपनीवर कोणकोणते दावे चालू आहेत, हे मात्र ती आपणहून सांगत नाही. भारतात तसं सांगायला लावणारा फ्रँचायझीचा वेगळा कायदाच नाही.

अमेरिकेत हे सांगावंच लागतं, आणि त्याची सुरुवात कॅलिफोर्नियात झाली. 1960 च्या दशकात इथे साखळी-दुकानांचं पीक आलं आणि त्याबरोबर फसवणूकही वाढली. 1970 मध्ये या राज्याने देशातला असा पहिला कायदा केला. पुढे केंद्रीय व्यापार आयोगाचा नियम आला, तो 1979 पासून लागू आहे आणि 2007 मध्ये सुधारला गेला. आज फ्रँचायझी विकणाऱ्याला 23 प्रकरणांचा माहितीचा दस्तऐवज द्यावा लागतो. तो हाती पडल्यावर किमान 14 दिवस सही घेता येत नाही, एक डॉलरही घेता येत नाही.

त्यातलं तिसरं प्रकरण खटल्यांचं. फसवणूक किंवा फ्रँचायझी कायद्याचा भंग असे आरोप असलेली चालू प्रकरणं त्यात येतात, तसेच मागच्या 10 वर्षांतले गंभीर गुन्हे आणि दिवाणी निकालही. कंपनीबरोबर तिचे संचालक आणि फ्रँचायझीचं काम पाहणारे वरिष्ठ अधिकारीही या नियमात येतात. त्यामुळे जुनी कंपनी बुडवून नव्या नावाने दुकान थाटणाऱ्याचा माग लागतो. लवादापुढची प्रकरणंही मोजली जातात. पैसे देऊन मिटवलेला दावासुद्धा ‘मिटला’ म्हणून गाळता येत नाही. कंपनीने मागच्या वर्षात आपल्याच फ्रँचायझीधारकांशी लढवलेले महत्त्वाचे दावे दाखवावे लागतात, आणि हा भाग सर्वांत बोलका असतो. थकलेल्या रॉयल्टीसाठी एक-दोन दावे कुठल्याही मोठ्या साखळीत असायचेच. पण वेगवेगळ्या राज्यांतले दुकानदार ‘दाखवलेलं उत्पन्न खोटं होतं’ अशी एकच तक्रार घेऊन कोर्टात गेले असतील, तर तिथेच थांबावं.

राजगुरुनगरात कुणी गुंठाभर जमीनही वकिलाच्या तीस वर्षांच्या सर्च रिपोर्टशिवाय घेत नाही. सात-बारावर दाव्याची नोंद दिसली, की इसार थांबतो. अमेरिकेतला दस्तऐवज हा फ्रँचायझीचा सर्च रिपोर्टच आहे. फरक एवढाच, की तो विकणाऱ्याने स्वतः लिहिलेला असतो.

हा फरक लहान नाही. सरकारने मजकूर तपासलेला नाही, असं त्याच्या पहिल्याच पानावर छापलेलं असतं. ‘बर्गरिम’ या बर्गर साखळीने 1,500 हून अधिक फ्रँचायझी विकल्या, त्यांतली बहुसंख्य दुकानं कधी उघडलीच नाहीत. निवृत्त सैनिकांनाही तिने सवलतीचं आमिष दाखवलं होतं. खोटी आश्वासनं दिली आणि आवश्यक माहिती दडवली, असा आरोप ठेवून आयोगाने 2022 च्या फेब्रुवारीत तिच्यावर कारवाई सुरू केली. तोवर लोकांचे प्रत्येकी 50 ते 70 हजार डॉलर गेले होते. शिवाय केंद्रीय नियम मोडला म्हणून दुकानदाराला त्या नियमाखाली थेट दावा लावता येत नाही. तो हक्क काही राज्यांच्या कायद्यांनी दिला आहे.

भारतीय वाचकासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. हा नियम फक्त अमेरिकेतल्या दुकानांना लागू आहे. तीच कंपनी पुण्यात फ्रँचायझी विकते तेव्हा हा दस्तऐवज देण्याचं बंधन तिच्यावर नसतं. पण कॅलिफोर्निया आणि विस्कॉन्सिन ही राज्यं नोंदलेले दस्तऐवज इंटरनेटवर मोफत खुले ठेवतात. अमेरिकन ब्रँडच्या दस्तऐवजातलं तिसरं प्रकरण राजगुरुनगरात बसूनही वाचता येतं.

खटल्यांचं वजन काय असतं, हे पुण्याने पाहिलं आहे. ‘बर्गर किंग’ नावाचं कॅम्पातलं उपाहारगृह 1990 च्या दशकापासूनचं, अमेरिकन साखळी भारतात आली 2014 मध्ये. नावावरून अमेरिकन कंपनीने 2011 मध्येच दावा लावला होता. पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने तो 2024 च्या जुलैमध्ये फेटाळला, मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबरमध्ये पुण्यातल्या उपाहारगृहाला ते नाव वापरायला अंतरिम मनाई केली, आणि 2025 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली. दिल्लीकडे मॅकडॉनल्ड्सचं आणि तिच्या भागीदाराचं भांडण 2013 पासून पेटलं. 2017 च्या ऑगस्टमध्ये उत्तर व पूर्व भारतातल्या 169 दुकानांचा करार कंपनीने रद्द केला. तडजोड झाली 2019 मध्ये.

2020 च्या डिसेंबरात बर्गर किंगच्या भारतीय कंपनीचा शेअर 60 रुपयांना बाजारात आला. अशा विक्रीच्या माहितीपत्रकात चालू खटल्यांचं स्वतंत्र प्रकरण द्यावं लागतं, तसा सेबीचा नियम आहे. साठ रुपये गुंतवणाऱ्याला जे कळतं, ते पंधरा-वीस लाख घालणाऱ्या दुकानदाराला कळू नये, ही आपल्या कायद्यातली अन्यायकारक उणीव आहे. मलेशियाने 1998 मध्ये आणि चीनने 2007 मध्ये फ्रँचायझीची माहिती देणं बंधनकारक केलं. भारताने आता थांबायला नको.

कायदा येईपर्यंत शोध स्वतः घ्यावा लागेल. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा, न्यायालय आणि वर्ष निवडून पक्षकाराच्या नावाने प्रकरणं शोधता येतात. कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय जिथे असेल तिथलं न्यायालय आधी पाहावं, आणि फलकावरच्या नावाऐवजी कंपनीच्या कागदोपत्री नावाने शोधावं. संचालकांची नावंही टाकावीत. लवादातली प्रकरणं तिथे दिसत नाहीत, म्हणून फ्रँचायझी सोडून गेलेल्या दोघा-तिघांशी तरी बोलावं.

त्यानंतर कंपनीला लेखी विचारावं, तेही टोकन देण्याआधी. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 17 नुसार नुसतं गप्प राहणं सहसा फसवणूक ठरत नाही. विचारलेल्या प्रश्नाला जाणूनबुजून दिलेलं खोटं उत्तर मात्र ठरू शकतं, आणि तसं झालं तर कलम 19 खाली करार रद्द करून घेता येतो. ते उत्तर कंपनीच्या सही-शिक्क्यासह कराराला जोडून घ्यावं.