जनुकांतील ‘ध’चा ‘मा’

आनुवंशिक रोगांवर गोंडपिपरीत बोलावयास उभे राहणाऱ्याचे निम्मे काम श्रोत्यांनीच करून ठेवलेले असते. मोठ्या शहरातील सभेत ‘वाहक’ म्हणजे कोण, हे समजावून सांगता सांगता अर्धा तास निघून जातो. वर्धा आणि वैनगंगा यांच्यामधल्या या मुलखात मात्र ‘एएस’ आणि ‘एसएस’ ही अक्षरे पुष्कळ घरांत माहीत आहेत. सोयरीक जमविताना ती विचारलीही जातात. नागपूरच्या डॉ. शुक्ल व डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलची नोंद १९५८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात केली. आपल्या वाडवडिलांना मात्र हा रोग नावावाचून ठाऊक होताच. तेव्हा आज ज्या दुसऱ्या आणि पुष्कळ विरळ अशा रोगांविषयी सांगावयाचे आहे, त्यांच्याकडे आम्ही सिकलसेलच्या वाटेनेच जाणार आहोत.

नारायणराव पेशव्यांच्या खुनाची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. १७७३ साली ‘धरावे’ असे लिहिलेल्या पत्रात कोणी ‘ध’चा ‘मा’ केला आणि ‘मारावे’ झाले, असे सांगतात. इतिहासकार त्यावर वाद घालोत; जीवशास्त्रात असे प्रकार खरोखर घडतात. आपल्या प्रत्येक पेशीत सुमारे वीस हजार जनुके आहेत. जनुक म्हणजे एखादे प्रथिन कसे बनवावे याचा लेखी हुकूम. त्या हुकुमातले एक अक्षर बदलले की रक्तातील हिमोग्लोबिनच्या साखळीतील सहावी कडी बदलते आणि तांबड्या पेशीला विळ्याचा आकार येतो. सिकलसेल म्हणतात तो एवढाच.

पण एवढ्याने गोष्ट संपत नाही, आणि आमचा आजचा विषय येथूनच सुरू होतो. एकाच घरातली दोन भावंडे घ्या. दोघेही ‘एसएस’. एकाला दर पावसाळ्यात दवाखान्यात न्यावे लागते. दुसरा उन्हाळ्यात पहाटे उठून मोहफुले वेचावयास जातो. अक्षराची चूक दोघांत तीच, मग रोगाची चाल वेगळी का? एक मोठे कारण असे, की गर्भात असताना आपण निराळे हिमोग्लोबिन वापरतो. जन्मानंतर ते बहुतेक बंद पडते, पण काहींच्या रक्तात त्याचा बराच अंश टिकून राहतो आणि तो सदोष हिमोग्लोबिनची बाधा सौम्य करतो. ते किती टिकावे, हे दुसरी जनुके ठरवितात. म्हणजे रोग एका जनुकाने दिला, तरी त्याची चाल दुसरी जनुकेही ठरवितात.

आता मज्जासंस्थेकडे वळू. पायाचा अंगठा हलवावयाचा झाल्यास हुकूम मेंदूतून निघून पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत येतो. तेथे दुसरी पेशी तो उचलते आणि आपल्या तंतूवाटे थेट पायापर्यंत पोचविते. प्रौढ माणसात हा एकच तंतू सुमारे एक मीटर लांब असू शकतो. हालचालीचा हुकूम पोचविणाऱ्या या पेशींना प्रेरक चेतापेशी म्हणतात. त्या मरू लागल्या की स्नायू निरोगी असूनही हुकुमावाचून वाळतात. स्पर्श कळतो, डोळे फिरतात आणि बहुतेक रोग्यांची बुद्धीही शाबूत राहते.

लहान मुलांत होणाऱ्या अशा रोगाला स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, थोडक्यात एसएमए, म्हणतात. १८९१ साली वेर्डनिग याने व पाठोपाठ हॉफमन याने तो वर्णिला. पण त्याचे जनुक सापडावयास १९९५ साल उजाडले. पॅरिसमध्ये ज्यूडिथ मेल्की यांच्या चमूने पाचव्या गुणसूत्रावर ते शोधले आणि त्याला एसएमएन-१ असे नाव पडले. बहुतेक रोगी मुलांत या जनुकाचा महत्त्वाचा भाग आईकडून आलेल्या आणि वडिलांकडून आलेल्या अशा दोन्ही प्रतींत गळालेला असतो. येथे अक्षर बदललेले नसून ओळच पुसली गेलेली असते.

ओळ जर साऱ्यांचीच पुसलेली, तर साऱ्यांची गत सारखीच व्हावयास हवी. तशी ती होत नाही. काही मुले सहा महिन्यांच्या आतच लुळी पडतात, कधी बसू शकत नाहीत आणि उपचार न मिळाल्यास बहुधा दुसरा वाढदिवस पाहत नाहीत. काही बसतात, पण उभी राहत नाहीत. काही चालावयास शिकतात आणि पुढे वयात येताना जिना चढताना अडखळू लागतात. पूर्वी हे निरनिराळे रोग मानले जात. वस्तुतः या जनुकाला शेजारीच एक जुळा भाऊ आहे, एसएमएन-२. तो फक्त मानवजातीतच आढळतो. त्याच्यात एका अक्षराचा असा फरक आहे, की त्याच्यापासून बनणाऱ्या प्रथिनापैकी जेमतेम दहावा हिस्सा धड असतो. निरोगी माणसाला या भावाची गरजही भासत नाही. परंतु थोरला नाहीसा झाला की घर या धाकट्याच्या तुटपुंज्या मिळकतीवर चालते. आणि असे धाकटे भाऊ किती, हे माणसागणिक वेगळे असते! ज्या मुलाजवळ दोनच प्रती आहेत त्याला बहुधा तीव्र प्रकार होतो, तीन असल्यास बहुधा मधला, चार असल्यास सौम्य. ‘बहुधा’ हा शब्द आम्ही जाणून वापरला आहे. प्रतींच्या संख्येवरून भविष्य वर्तविणाऱ्या डॉक्टरांनाही तो विसरता येत नाही.

मोठ्या माणसांचा प्रकार निराळा. पॅरिसच्याच शार्को याने १८६९ साली त्याचे वर्णन केले. आज त्याला एएलएस म्हणतात. दहांतील सुमारे नऊ रोग्यांच्या घराण्यात तो आधी दिसलेला नसतो. उरलेल्या घराण्यांपैकी काहींत एकविसाव्या गुणसूत्रावरील एसओडी-१ या जनुकात दोष असल्याचे १९९३ साली उघड झाले. या जनुकाचे प्रथिन १५३ कड्यांचे आहे, आणि त्यात शंभराहून कितीतरी अधिक प्रकारच्या चुका आजवर नोंदल्या गेल्या आहेत. अमेरिकेत चौथी कडी बदललेली घराणी आहेत. तेथे लक्षणे दिसल्यापासून वर्ष-सव्वा वर्षात माणूस जातो. जपानात सेहेचाळिसावी कडी बदललेली घराणी सापडली; तेथील रोगी पंधरा वर्षांहून अधिक काळ जगलेले आहेत. उत्तर स्वीडन आणि फिनलंडमध्ये नव्वदावी कडी बदललेली आढळते. तेथे दोष सहसा दोन्ही बाजूंनी आला तरच रोग होतो, आणि तो पायांतून अगदी सावकाश वर चढतो. रोगाचे नाव एक, जनुक एक आणि आयुष्याचा हिशेब मात्र असा वेगवेगळा. म्हणून डॉक्टरांनी नुसते ‘एएलएस’ सांगितले, तर त्या शब्दावरून किती दिवस उरले हे कोणी मोजू नये.

आणखी एक भेद उपचाराच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. एसएमएमध्ये प्रथिनाचा दुष्काळ असतो. एसओडी-१ मध्ये प्रथिन विषारी होते. उंदरांतून हे जनुक काढून टाकले तरी त्यांना एएलएस होत नाही. पण मानवाचे सदोष जनुक घातले की होतो. तेव्हा उपाय उलटसुलट हवेत. एसएमएवर २०१६ च्या डिसेंबरात अमेरिकेत मान्यता मिळालेले नुसिनेर्सेन हे औषध धाकट्या भावाचा हुकूम नीट वाचावयास लावते, तर २०२३ मध्ये मान्य झालेले टोफर्सेन हे सदोष एसओडी-१ चा हुकूम पोचण्याआधीच फाडून टाकते. दोन्ही औषधे एकाच जातीची, दोन्ही पाठीच्या कण्यातून द्यावयाची. टोफर्सेनचा गुण मुख्य चाचणीत सहा महिन्यांत स्पष्ट दिसला नव्हता, हेही सांगितले पाहिजे. आणि ते एसओडी-१ च्या रोग्यांपुरतेच आहे. असे रोगी शंभरात दोनच्या आसपास.

महाराष्ट्रात एसएमए हे नाव घराघरांत पोचले ते २०२१ साली. विषाणूच्या कवचातून नवे जनुक पोचविणारे, सुमारे सोळा कोटी रुपयांचे औषध मुंबईतील एका बाळासाठी लोकवर्गणीतून आणले गेले, आणि केंद्र सरकारने त्यावरील काही कोटींचा कर माफ केला. त्याच वर्षी पुण्यातही एका बालिकेला तेच औषध मिळाले. दोनएक महिन्यांत ती गेली. वर्गणी देणारे हळहळले. परंतु मेलेल्या चेतापेशी कोणतेही औषध परत आणीत नाही. जिवंत आहेत तेवढ्या ते राखते. लक्षणे दिसण्यापूर्वीच औषध मिळालेली बाळे पुष्कळदा बसली, चाललीही. ही औषधे कोणाला किती उपयोगी पडतील, हे प्रतींच्या संख्येबरोबर वेळेवरही अवलंबून असते. २०२१ साली केंद्राचे दुर्मिळ रोगांविषयीचे धोरण आले, मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय त्यातील एक केंद्र आहे. २०२५ च्या ऑक्टोबरात न्यायालयाने अटकाव करण्यास नकार दिल्यावर तोंडावाटे द्यावयाचे रिस्डिप्लाम हे औषध भारतीय कंपनीने बाजारात आणले, आणि त्याची किंमत अनेक पटींनी उतरली.

गोंडपिपरीहून मुंबई किती दूर आहे, हे आम्ही सांगावयास नको. म्हणून घरी करता येण्याजोगी गोष्ट सांगतो. चार-पाच महिन्यांचे बाळ मान धरीत नाही, पाय बेडकासारखे पसरून निपचित पडते, रडण्याचा आवाज बारीक, श्वास पोटाने घेते, पण डोळे टवटवीत आणि माणसे ओळखते, असे दिसले तर ‘सावकाश धरील’ म्हणून वाट पाहू नये. आशाताईंना सांगून बालरोगतज्ज्ञाकडे न्यावे आणि एसएमएच्या जनुकाची तपासणी आवर्जून विचारावी. तीत एसएमएन-२ च्या प्रतीही मोजून घ्याव्यात.

दुसरी गोष्ट घरातील माणसांसाठी. असे मूल झाले की सुनेच्या माहेरी बोट दाखविण्याची आपल्याकडे वाईट खोड आहे. एसएमए झालेल्या मुलाच्या बापाकडेही बहुतेक वेळा तोच दोष असतो, अगदी तितकाच, तोही वाहकच. पन्नासएक माणसांत एखादा माणूस वाहक सापडतो, आणि त्याला आयुष्यभर काही होत नाही. दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणी चारात एक बाळ रोगी होण्याचा संभव असतो. मामेबहीण-आतेभाऊ अशा सोयरिकीत दोघे वाहक निघण्याची शक्यता वाढते, कारण आजा-आजी एकच.

आमच्या गावी सिकलसेलची तपासणी झाली आहे, मग हेही त्यात कळले असेलच ना, असे कोणी विचारील. नाही. ती तपासणी हिमोग्लोबिन पाहते, एसएमएन नाही. घरात एसएमएचे बाळ होऊन गेले असेल, तर आईबापांची ही तपासणी वेगळी करून घ्यावी लागते, आणि ती पुढचे मूल राहण्यापूर्वी व्हावी.